खांद्यावर टाकलेला रुमाल

धुडकू, तुझ्या फ्लेक्ससाठी सरपंचांनी माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेत. फोटो तुझ्या आधार कार्डावरचा घेतलाय. त्यात तू नुकतंच कुणीतरी दरडावल्यासारखा दिसतोस. बाजूला गुलाबाची फुलं, खाली 'शोकाकुल' म्हणून साठ-सत्तर नावं. त्यातल्या निम्म्या लोकांनी सहा वर्षं तुला पाठीमागे, आणि कधी कधी तोंडावरही, 'हरणमाऱ्या' म्हटलं. आता तेच लोक तुला 'गावाचे मार्गदर्शक' म्हणून छापून बसस्टँडवर टांगणार आहेत. "मास्तर, तुम्ही धुडकू आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. काहीतरी भारी लिहा," सरपंच म्हणाले. मी हो म्हटलं आणि धुळ्याला देवपूरच्या घरी येऊन कागद पुढे ओढला. दोन दिवस झाले. सुचतं ते फ्लेक्सवर मावणारं नाही, म्हणून आधी तुलाच लिहितोय.

परवा तेराव्याला तुझी गंधमुक्ती झाली. मंडप चांगला होता. भाषणं झाली. तुझ्या शेतीबद्दल बोलले, तुझ्या मोकळ्या स्वभावाबद्दल बोलले. गावामागच्या डोंगरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तुझं आयुष्य त्या उघड्याबोडक्या डोंगरांत गेलं, आणि तुझी अब्रूही तिथेच गेली. एकाला बगल द्यायची तर दुसऱ्यालाही द्यावी लागली. मीही बोललो, पाच मिनिटं. काय बोललो ते तू ऐकलं नाहीस, बरं झालं.

आपण सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी अमळनेरच्या कॉलेजात गेलो आणि मास्तर झालो, तू गावातच राहिलास, आणि वडलांच्या मागे त्यांची एकनळी बंदूक आणि पीकसंरक्षणाचा परवाना तुझ्या नावावर झाला. रोही, कागदोपत्री नीलगायी, हरभऱ्यात घुसले की लोक तुझ्या ओट्यावर येऊन बसायचे. मग अर्ज, पंचनामा, वनखात्याची परवानगी. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय तू बंदुकीला हात लावायचा नाहीस, आणि कागद आल्यावरही आठ-दहा दिवस नुसता डोंगरात जाऊन बसायचास. कळप कुठून उतरतो, कुठल्या नाल्याने परत जातो, नर कुठे थांबतो. लोक कुरकुर करायचे, 'याले मारनं शे का दर्शन लेनं शे?' तुला दर्शनच घ्यायचं असायचं हे मला माहीत होतं. रोह्याचं निमित्त, बघायचे असायचे ते चिंकारे.

मला तू बघायला शिकवलंस, हे मी अजूनही मान्य करतो. मी धुळ्याहून दुर्बीण घेतली आणि ऐटीत डोंगरावर आलो. तू एकदा तिला डोळा लावलास आणि लगेच परत दिलीस. "त्या नळकांडामा डोंगर आंगवर येस," म्हणालास. मी तासभर दुर्बीण फिरवत होतो, मला दगड आणि हेंकळाची झुडपं सोडून काही दिसलं नाही. तू माझ्या शेजारी उकिडवा बसून बिडी न पेटवता चघळत होतास.

"मास्तर, डोंगर वरतून खाले दखू नको. नांगर हाकतस तसा दख. या टोकपाईन त्या टोकलोंग, मंग पलटी."

मी तसं आडवं, तासातासाने बघत गेलो.

"आनि जनावर दखू नको. कान दख. शेपटी दख. जनावर मंग आपोआप दिखस."

तिसऱ्या पलटीला एका खैराच्या सावलीत काहीतरी काळं हललं. पुन्हा हललं. चिंकाऱ्याची शेपटी, सारखी हलणारी. मग शेपटीच्या पुढे पाठ आली, मान आली, आणि जिथे मी दहा वेळा बघून गेलो होतो तिथे चार जनावरं उभी होती. मी ओरडलोच. एकीने पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज केला आणि सगळी पसार. तू मला वीस मिनिटं शिव्या घातल्यास. माझ्या उभ्या नोकरीत एकाही हेडमास्तराची तेवढी हिंमत झाली नव्हती.

त्या चौघांत ती होती. डावा कान टोकापासून मधोमध फाटलेला, कुत्र्यांच्या तावडीतून सुटली असेल. तू तिचं नाव कानफाटी ठेवलंस. सात वर्षं आपण तिला ओळखत होतो. ती कुठल्या उतारावर ऊन खात बसते, दुपारी कुठल्या घळीत जाते, सगळं तुला पाठ. मी सुट्टीला गावी आलो की तू घरच्यांची खुशाली विचारायच्या आधी सांगायचास, "कानफाटी मजामा शे."

आपली पद्धत तुझीच होती. मी समोरच्या टेकडीवर दुर्बीण घेऊन, तू खाली नाल्यात बंदूक घेऊन. मधे फोन नाही, कारण एक तर तिथे रेंज येत नाही आणि आली तर नेमका नको तेव्हा वाजतो. म्हणून रुमाल. आपल्याकडे सगळेच बांधतात तो पांढरा बागायती रुमाल, लांबून दिसतो. रुमाल माझ्या डोक्यावर असेल तर थांब. डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला तर समोर रोही आहे, मोकळा आहे, मार. तू नाल्याच्या काठाआड बसलेला असायचास, झुडपांतून तुला तपकिरी ठिगळाशिवाय काही दिसायचं नाही. रोह्याची मादी तपकिरी, तिचं पिल्लूही तपकिरी. तुझ्या बंदुकीचे डोळे मी होतो. तूच असं म्हणायचास आणि मला ते फार आवडायचं.

आता त्या सकाळचं लिहितो. सहा वर्षांत एकदाही लिहिलं नाही, बोललो नाही. तू आता उलट बोलू शकत नाहीस म्हणून धीर आलाय, हेही लिहून टाकतो.

हरभरा घाट्यावर आला होता. थंडी मरणाची. मी कान झाकून डोक्याला रुमाल गुंडाळला होता. उजाडलं तसे पाच रोही नाल्याकडे उतरले, एक काळा नर आणि चार तपकिरी. कळप दाटीने होता, म्हणून मी रुमालाला हात न लावता बघत राहिलो. नर थबकला, त्याला काय वाटलं कोण जाणे, वळला आणि कळप घेऊन पलीकडच्या अंगाला निघून गेला. तुला ते दिसणं शक्य नव्हतं. मी दुर्बीण तशीच धरून होतो. मग झुडपांत पुन्हा काहीतरी तपकिरी हललं. मी बघितलं. शेपटी काळी. कान फाटलेला. मला कानफाटी स्वच्छ दिसली, धुडकू. ओळखण्यात माझी चूक झाली नाही.

गार वारा समोरून होता, आणि दुर्बिणीला इतका वेळ डोळे लावून ते चुरचुरायला लागले होते. पाणी येऊन सगळं पुसट झालं. मी दुर्बीण खाली घेतली, डोक्याचा रुमाल ओढून काढला, डोळे पुसले. आणि तोंड पुसल्यावर आपल्याकडचा कुठलाही माणूस जे करतो ते केलं. रुमाल खांद्यावर टाकला.

आवाज झाला तेव्हा हात अजून खांद्यावरच होता.

टेकडी उतरून तुझ्याजवळ पोचायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. एवढ्या वेळात माणूस पुष्कळ विचार करू शकतो. मी विचार केला तो आठ महिन्यांवर आलेल्या निवृत्तीचा. चिंकाऱ्याला कायद्याने वाघाइतकं संरक्षण आहे, हे तर मीच मुलांना शिकवत होतो. तू तिच्याजवळ मांडी घालून बसला होतास. बंदूक बाजूला आडवी. तू वर बघितलंस आणि विचारलंस, "इशारा दिधा व्हता ना तू?"

"नाही," मी म्हणालो. जराही न अडखळता. "रुमाल डोक्यावरच होता. तू घाई केलीस."

"मंग माले काबर दिखना खांदवर?"

"मला काय माहीत? अजून नीट उजाडलंही नव्हतं."

 मी म्हणालो, दगड रचून झाकू, उद्यापर्यंत तरसं उरकून टाकतील, कोण बघायला येतंय. तू माझ्याकडे असं बघितलंस की अजून आठवलं की जीव नकोसा होतो. "मास्तर, कानफाटी शे ती," एवढंच म्हणालास. मग उठलास, धोतर झटकलंस आणि मला घरी जायला सांगितलंस. "तू आठे नव्हता. तुनी नोकरीना आठ महिना बाकी शेतस. मना काय, माले कोन काढी?"

आणि मी गेलो. खोटं कशाला सांगू, एकदाही मागे वळून बघितलं नाही. दुर्बीण शर्टाच्या आत घालून, आडवाटेने. तू स्वतःच्या पायांनी वनरक्षकाकडे गेलास आणि सगळं सांगितलंस. एकटाच होतो म्हणालास. बंदूक जमा झाली, परवाना गेला, तू चार दिवस आत राहिलास. अर्ज करायला तुझ्या मागे लागलेले लोक रातोरात प्राणिमित्र झाले. तुला जामीन राहायला मात्र मी आलो. केवढं माझं कौतुक झालं, काय दोस्ती म्हणावी ही!

मग तारखा. धुळ्याला कोर्टात तारीख असली की तू आदल्या दिवशी देवपूरला माझ्याकडे मुक्कामाला यायचास. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खायचास, पाहुण्यासारखा ताट धुवायला उठायचास. सकाळी मी तुला स्कूटरवर नदीपलीकडे कोर्टात सोडायचो आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहायचो. आत कधी आलो नाही. तूही कधी ये म्हणाला नाहीस. पुढची तारीख घेऊन तू बाहेर यायचास आणि आपण घरी परत यायचो.

आणि दर वेळी, कधी जेवताना, कधी स्कूटरवर मागे बसून, तू विचारायचास, "मास्तर, मना डोया गयात का रे?"

मी काय म्हणायचो? "वय झालं धुडकू आता. होतं असं." एवढ्यावर न थांबता मी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या वयाला इतकी चांगली नजर फार कमी लोकांची असते. तू खुर्चीत वळून माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होतो.

तुझा मला रागही येतो, तो लपवत नाही. तू मला गचांडीला धरायला हवं होतंस. शिव्यांचा तुझ्याकडे काय तोटा होता? मी ओरडलो म्हणून वीस मिनिटं शिव्या देणारा माणूस तू, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला मूग गिळून बसलास. तुझ्या त्या चांगुलपणाखाली मी सहा वर्षं दबून राहिलो. उपकार करणाऱ्याने निदान एकदा तरी ते बोलून दाखवावेत, म्हणजे समोरच्याला भांडता येतं.

मी निवृत्त झालो आणि मला नवा उद्योग सापडला. वन्यजीव या विषयावर व्याख्यानं. शाळाशाळांतून जाऊन चिंकाऱ्यांचे फोटो दाखवायचे, डोंगर कसा बघावा ते सांगायचं. आडवा, तासातासाने, जनावर बघू नका, कान बघा. तुझं नाव कधी घेतलं नाही. धरणगावच्या एका शाळेत बोलायला जायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी तुझी तारीख होती, म्हणून तूही सोबत आलास. शेवटच्या बाकावर बसलास, मुलांच्या मागे. आणि बोलण्याच्या भरात मी कानफाटीची गोष्ट सांगितली. उजवा कान फाटलेली एक मादी, आणि उतावळेपणात तिला मारणारा एक शिकारी. 'उतावळेपणात' हा शब्द मी वापरला, धुडकू, तू समोर बसलेला असताना. मुलं हळहळली. टाळ्या झाल्या. तूही वाजवल्यास.

परतताना एसटीत तू खिडकीबाहेर बघत होतास. मग म्हणालास, "चांगलं बोलना तू. पन तिना डावा कान फाटेल व्हता. तू उजवा सांगा."

मी तुझ्यावर चिडलो. एवढ्या-तेवढ्याला काय होतं, म्हणालो.  आपलं शेवटचं भांडण तेच, आणि ते कानावरून.

पुढची तारीख यायच्या आधी तू गेलास. सकाळी ओट्यावर बसलास तो उठला नाहीस. वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, आरोपी मयत म्हणजे खटला संपला, सुटला तुमचा माणूस. मीही सुटलो, हे त्यांना कुठे माहीत? आणि फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला हायसं वाटलं. तुझ्यासाठी रडलो तो त्यानंतर, संध्याकाळी. हा क्रम तुला कळायला हवा.

गंधमुक्तीचं जेवण आटोपल्यावर मी वहिनींना भेटायला आत गेलो. त्या तुझे रुमाल घडी करून ठेवत होत्या, सात-आठ असतील. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "फार रुमाल होते धुडकूकडे."

"हाऊ उन्हाळाभर मनापा व्हता," एक वेगळा काढून त्या म्हणाल्या. तुझा रुमाल उन्हाळाभर त्यांच्याकडे कशाला, मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. केस झाली त्या पहिल्या उन्हाळ्यात तू रोज पहाटे, नीट उजाडायच्या आधी, त्यांना शेतात पाठवायचास. टेकडीपासून नाल्यापर्यंतची पावलं मोजून आला होतास. तेवढीच पावलं ओट्यापासून मोजून बांधावर दगड ठेवला होतास. तिथे वहिनींनी डोक्यावर रुमाल घेऊन उभं राहायचं.

"कव्हय डोकावर राहू देवो, कव्हय तोंड पुसो, कव्हय खांदवर टाको. माले जसं वाटी तसं. तुमना दोस्त ओटावरथून हात वर करीसन सांगेत, काय करं ते."

"मग?" मी विचारलं. 

"एकदाव बी चुकनात नहीत."

म्हणजे तुला माहीत होतं. त्या पहिल्या उन्हाळ्यापासून माहीत होतं. डोळे गेले का रे म्हणून तू मला सहा वर्षं विचारत होतास ते डोळ्यांसाठी नव्हतंच. तू दार उघडून धरलं होतंस, आणि मी दर वेळी वय झालं म्हणून ते लावून घेत होतो.

मी खाली बसलो आणि वहिनींना सांगितलं. वारा, डोळ्यांतलं पाणी, रुमाल, खांदा. 'नाही' म्हणालो तेही सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. सगळे रुमाल घडी करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दर तारीखले निघेत तवय म्हनेत, आज मास्तर सांगी. परत उनात का मी विचारू, सांगं का? मंग म्हनेत, नही, पुढली तारीख शे ना."

मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"आते माले काय सांगतस, भाऊ? लोकस्ले सांगा."

त्यांनी तो वेगळा काढलेला रुमाल घडीत ठेवला आणि कपाट लावून टाकलं. मला वाटलं होतं, मला देतील. मी बाहेर येऊन चपला शोधल्या आणि निघालो.

तू जिवंत असतास तर पुढच्या तारखेलाही मी सांगितलं नसतं, धुडकू. हे खरं आहे. तू वाट बघत राहिला असतास, मी चहाच्या टपरीवर बसून राहिलो असतो. त्यामुळे हे तुझ्यासाठी लिहिलंय असं मी म्हणणार नाही. तुझी वेळ मी घालवली.

आज सकाळी फ्लेक्सवाल्याला ओळी पाठवल्या. चार मागितल्या होत्या, तीनच झाल्या. 'धुडकूने इशारा बरोबर वाचला होता. टेकडीवर मी होतो आणि इशारा माझ्या हातून गेला. त्यानंतर मी त्याच्याशी खोटं बोललो.' माझं नाव 'शोकाकुल'च्या यादीतून काढून या ओळींच्या खाली टाकायला सांगितलं, तुझ्या फोटोशेजारी, मोठ्या अक्षरांत.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला. "मास्तर, हा मजकूर चुकून आला का? दुसऱ्या कुणाला पाठवायचा होता का?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी नाल्यात म्हणालो होतो तितक्याच पटकन.